दोन त्रिकोणांचा माणूस

अकोले तालुक्यातील राजूर हे सह्याद्रीच्या पूर्वेकडील भातखाचरांच्या मुलखातले गाव. माती, शेण, तांदूळ आणि बांबू या वस्तू तेथील कोणाही शेतकऱ्यास नव्या नव्हेत. घाट उतरून पश्चिमेस कोकणात गेले आणि मग उत्तरेची वाट धरली, की डहाणू-तलासरीकडील वारली पाड्यांत याच वस्तूंतून एक चित्रकला सिद्ध झालेली दिसते.

कुडाची भिंत शेणामातीने लिंपावयाची, तीवर गेरूचा हात द्यावयाचा. मग तांदळाच्या पिठात पाणी व डिंक कालवून, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने चित्र रेखाटावयाचे. भूमी तांबडी, रेषा पांढरी. तिसरा रंग नाही. माणूस म्हणजे टोकाशी टोक भिडवलेले दोन त्रिकोण, वर एक वाटोळे डोके व काड्यांसारखे हातपाय. नाक-डोळे नसतातच. परंतु वरचा त्रिकोण किंचित कलता केला की तोच माणूस ओझ्याने वाकतो, नाहीतर तारप्याच्या सुरावर फेर धरतो. चेहरा गाळल्यामुळे सारा भाव शरीराच्या डौलात उतरतो. साधनांची अल्पता हे येथे दारिद्र्य नव्हे; प्रत्येक रेषेने आपले काम केलेच पाहिजे, अशी ती शिस्त आहे.

हे चित्र मुळात शोभेसाठी नव्हतेच. लग्नघरी सुवासिनी चौक लिहीत, त्यात पालघट देवीची स्थापना होई आणि त्याविना विवाह पुरा होत नसे. कार्य आटोपले, पुढे सारवण झाले की चित्र लोपे. त्याचा कोणास खेद नसे. पुढच्या लग्नास ते पुन्हा उमटणारच होते.

१९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने ही चित्रे कागदावर आली. गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी चौकाबाहेर येऊन मासेमारी, पेरणी, मुंग्यांची वारुळे रंगविली. २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली. कलेस कीर्ती लाभली, अनेक घरांस मिळकत झाली. मात्र भिंतीवर निनावी हात होते ते स्त्रियांचे, आणि कागदावर आधी नावे उमटली ती बहुधा पुरुषांची.

आज हेच त्रिकोण दिवाणखान्यातील पडद्यांवर व चहाच्या पेल्यांवरही दिसतात. त्यांकडे पाहताना, ते ज्या भिंतीवरून आले तेथे एका लग्नाची आणि चौक लिहिणाऱ्या सुवासिनींची जागा होती, एवढे स्मरण घरोघरी राहावे.