गळका रांजण आणि मोटारीची बॅटरी

श्रोतेहो, रात्री भरलेला रांजण सकाळी रिकामा दिसला, तर आपण लगेच कुंभाराकडे धावत नाही. आधी बुडाशी ओल आहे का ते पाहतो. मोटारीच्या बॅटरीच्या बाबतीत मात्र हे शहाणपण आपल्याला सुचत नाही.

सांगवीला आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. चाकणच्या कारखान्यांतील कामगारांची ते आपल्या व्हॅनमधून ने-आण करतात. रविवारी गाडी उभी राही, आणि सोमवारी पहाटे किल्ली फिरवली की नुसती टकटक! पहिल्या पाळीची माणसे रस्त्यावर खोळंबत. गॅरेजवाल्याने नवी बॅटरी बसवली. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. ठेकेदाराने तंबी दिली. गाडीच्या कर्जाचा हप्ता तर तोंडावर आलेला. मला म्हणाले, "सर, ही बॅटरीसुद्धा खराबच निघाली बघा." मी म्हटले, "भाऊ, आधी मोजू या."

इंजिन चालू असताना बॅटरीवर 14 व्होल्ट भरले. म्हणजे चार्जिंग ठीक होते. मग इंजिन, दिवे बंद केले, किल्ली काढली. दारे उघडी ठेवली, पण त्यांची कुलपे स्क्रूड्रायव्हरने दाबून मिटवली, म्हणजे आतला दिवा लागत नाही. बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवली आणि ती तार व बॅटरीचे टोक यांच्यामध्ये मीटर 10 अँपिअरच्या खुणेवर जोडला. अर्धा तास थांबलो, कारण आजच्या गाड्यांतील यंत्रणा निजायला वेळ घेतात. उभी गाडी 0.05 अँपिअरपर्यंत वीज घेते, ते चालायचेच. इथे आकडा होता 1.2!

आता हिशेब पाहा. शनिवारी संध्याकाळपासून सोमवारी पहाटेपर्यंत 34 तास. 34 गुणिले 1.2 म्हणजे सुमारे 41. बॅटरी 60 अँपिअर-तासांची. मग इंजिन फिरवायला बळ उरणार कुठून?

पुढे एकेक फ्यूज काढायचा, आकडा पाहायचा, फ्यूज पुन्हा जागेवर बसवायचा. सातवा फ्यूज काढला आणि आकडा 0.03 वर उतरला. गाण्यांसाठी मागाहून बसवलेल्या अँप्लिफायरची तार किल्लीला वळसा घालून थेट जोडलेली होती. तो दिवसरात्र जागाच! तार बदलली, आणि पुढच्या सोमवारी व्हॅन पहिल्या फटक्यात सुरू झाली.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मारू नका; तो शंभराहून अधिक अँपिअर ओढतो, मीटर जळेल. आणि बॅटरीजवळ विडी-काडी नको. तिच्यातून निघणारा हायड्रोजन पेट घेतो.

ट्रॅक्टरलाही हीच रीत लागू पडते. शिक्षक बंधुभगिनींनो, ॲमीटर एकसर जोडावा हे आपण फळ्यावर शिकवतोच. एकदा मुलांना गाडीपाशी न्या. अंदाज बांधण्यापूर्वी मोजावे, एवढे त्यांना तिथे उमगले तरी तो तास सत्कारणी लागला म्हणायचा.