पदवी हाती आली, पुढे काय?

(मंडळाच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपली बरीच घराणी शिंदे सरकारांबरोबर माळव्यात आली. कुणी दफ्तर सांभाळले, कुणी शाळेत शिकवले, कुणी बँकेत लागले. कायमची नोकरी आणि पेन्शन हेच आपले सुख. 1966 साली उज्जैनला इंजिनियरिंग कॉलेज निघाले, 1998 साली भोपाळला राजीव गांधी तांत्रिक विद्यापीठ झाले आणि आपल्या घरोघरी इंजिनियर झाले. पण पदवी हाती येताच दोनच सल्ले मिळतात : ‘पुण्याला जा’, नाहीतर ‘सरकारी फॉर्म भर’.

पुण्याला जाऊ नका, असे मी म्हणणार नाही. माझी दोन्ही मुले तिकडेच आहेत. इथे वाड्यात आम्ही दोघेच संध्याकाळी दिवा लावतो. म्हणूनच सांगतो, जाण्यापूर्वी जवळचेही पाहा. पीथमपूरला वाहनांचे आणि औषधांचे कारखाने आहेत. इंदूरला टीसीएस, इन्फोसिस आहेत. आपल्या देवास रस्त्यावर नरवरजवळ विक्रम उद्योगपुरी उभी राहिली आहे.

विद्यार्थ्यांनो, शेवटच्या वर्षाची वाट पाहू नका. ‘गेट’ परीक्षा तिसऱ्या वर्षापासून देता येते. तिचे गुण तीन वर्षे चालतात आणि सरकारी कंपन्यांच्या भरतीत, एम.टेक.च्या प्रवेशात कामी येतात. नोकरी लगेच नाही मिळाली तर वर्षभराची अप्रेंटिसशिप करा. भत्ता मिळतो, मशीनवर हात बसतो. त्यात कमीपणा कसला? पालकांनीही ‘आमचा इंजिनियर मुलगा शिकाऊ म्हणून राहणार का?’ हे म्हणणे सोडावे.

आता थोडे राजकारण. 2028 च्या सिंहस्थासाठी रस्ते, पूल, घाट यांची कामे निघाली आहेत. त्यात तरुण सिव्हिल इंजिनियरांना काम मिळेल. पण मेळा संपल्यावर काय? मते मागायला जो येईल, त्याला चहा जरूर पाजा आणि तीन प्रश्न विचारा. उद्योगपुरीत स्थानिक पदवीधर किती घेतले? सरकारी खात्यांतली इंजिनियरांची रिकामी पदे कधी भरणार? ठेकेदाराकडे राबणाऱ्या मुलांना पगार वेळेवर मिळतो का? उत्तर लिहून घ्या. पक्ष कोणताही असो, प्रश्न हेच ठेवा.

आपण इथे पाहुणे नाही, पिढ्यान्‌पिढ्यांचे रहिवासी आहोत. जे जातील त्यांनी आनंदाने जावे. पण नाइलाजाने कुणाला जावे लागू नये, एवढेच माझे मागणे आहे.

जय हिंद!