पूर्णेचं पाणी



पंचवीस वर्षांपूर्वी यांची बदली झाली आणि अमरावती सोडून आम्ही अकोल्याला, या इमारतीत राहायला आलो. अंतर शंभरेक किलोमीटरचं, पण मला परमुलखात आल्यासारखं वाटे. अंबादेवीचं रोजचं दर्शन सुटलं, राजकमल चौकातली वर्दळ सुटली. एक मोठी पेटी मी कित्येक महिने उघडलीच नाही. परत जायचंच आहे, असं मनाशी धरून होते.

श्रावणात शेजारच्या काकू म्हणाल्या, "चाल व माय, कावड पाह्याले." गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन भक्तमंडळी राजराजेश्वराला येत होती. पूर्णा! माझं माहेर आसेगावचं, त्याच नदीकाठचं. माहेरावरून वाहत आलेलं पाणी इथल्या देवाला चढत होतं! भर रस्त्यात रडू आलं. काकूंनी काही विचारलं नाही, नुसता हात धरला. दुसऱ्या दिवशी मी पेटी उघडली.

आज काकू नाहीत, हेही नाहीत. मुलगा पुण्याला बोलावतो. कदाचित जावंही लागेल. पुन्हा पेटी भरायची म्हटलं की पोटात गोळा येतो. पण तळमजल्यावर परवाच नवं बिऱ्हाड आलंय, दर्यापूरकडचं. त्यांची सून गप्प गप्प असते. येत्या श्रावणात तिला कावड दाखवायला न्यायचं, एवढं मी ठरवलं आहे. पुण्याचं त्यानंतर पाहू.