ताट आपले, निर्णय आपला

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



मी डॉक्टर नाही की पंडित नाही. सूतगिरणीच्या रिंग खात्यात पाळ्या करणारा माणूस आहे. जे वाचले, जाणकारांना विचारून घेतले आणि घरच्या चुलीवर करून पाहिले, तेवढेच तुमच्यापुढे मांडणार आहे. समितीने मला विषय दिला आहे 'वनस्पतिजन्य आहार'. हा विषय का, ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या वस्तीतल्या काही पोरापोरींनी मटण, मासे, अंडी सोडलीच, वर दूध, दही, तूपही सोडले. त्यावरून घराघरांत धुसफूस चालू आहे. म्हातारी माणसे म्हणतात, "ह्यांना ब्राह्मणी वारं लागलं." पोरे म्हणतात, "आम्ही पहिलं शील पाळतो, तुम्ही कुठं पाळता?" म्हणून आधी मनातली जळमटे काढू आणि मग चुलीकडे वळू.

पहिली गोष्ट पोरांसाठी. भगवान बुद्धांनी मांसाहार सरसकट बंद केला नव्हता. मज्झिम निकायातल्या जीवक सुत्तात भिक्खूंसाठी नियम आहे, तो असा की प्राणी आपल्यासाठी मारला हे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली, तर ते मांस घेऊ नये. देवदत्ताने मासे-मांस कायमचे बंद करा अशी मागणी केली, तेव्हा तथागतांनी तसा सक्तीचा नियम करायला नकार दिला. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे, दारू न पिण्याचीही आहे. मांस न खाण्याची नाही. तेव्हा रविवारी मटण आणणारा शेजारी तुमच्यापेक्षा कमी बौद्ध आहे, असे कोणी मनातसुद्धा आणू नये.

दुसरी गोष्टही पोरांसाठीच. वडीलधाऱ्यांचा राग उगाच नाही. ताटात काय आहे ते बघून माणसाची किंमत ठरवणारा हा देश आहे. गोमांस, अस्पृश्यता आणि ब्राह्मणांचा शाकाहार यांचा संबंध बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात उलगडून दाखवला आहे. २०१५ साली महाराष्ट्रात गाय-वासरांबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाच्या ताटातले स्वस्त मांस गेले. शाळेतल्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे २०२३ साली ठरले, पण २०२५ च्या जानेवारीत त्याचा सरकारी निधी थांबवला. शहरात खोली बघायला गेले की अजून विचारतात, "नॉनव्हेज खाता का?" त्या प्रश्नामागे दुसरा प्रश्न असतो, तो आपल्याला बरोबर ऐकू येतो. अशा जखमेवर घरचे पोर येऊन म्हणते, "मांस खाऊ नका," तेव्हा आजीला ते बोल कुणाचे वाटणार?

आता तिसरी गोष्ट, ही वडीलधाऱ्यांसाठी. दुसऱ्याने ज्या गोष्टीची काठी करून आपल्याला मारले, ती गोष्ट आपल्याला कधीच आपली म्हणता येणार नाही का? १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा म्हणून सांगितले. ते सोवळ्यासाठी नव्हते, स्वाभिमानासाठी होते. म्हणजे अन्न सोडणे हीसुद्धा आपल्याकडे विचारपूर्वक केलेली कृती आहे. आणि दूधही न घेणाऱ्यांना 'व्हीगन' म्हणतात, तो शब्द काही कुठल्या मठातून आलेला नाही. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मूठभर सोबत्यांनी तो काढला. त्यांचे म्हणणे साधे होते, की दुधासाठी वासराला आईपासून तोडावे लागते आणि नर वासरू कुणाला नको असते. ते पटो न पटो, पण यात शिवाशिव नाही. उलट सोवळ्यात तर दूध-तूप सगळ्यांत पवित्र! आपली पोरे तेच सोडतात, मग ती ब्राह्मणी कशी झाली?

आता चुलीकडे वळू.

हा आहार म्हणजे मोठ्या दुकानातले महाग डबे, असे पुष्कळांना वाटते. पण आठवून बघा, आपल्या आज्यांच्या घरात दूध-तूप होते तरी कधी? ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, जवसाची नाहीतर कारळ्याची चटणी, अंबाडी, तांदुळजा, घोळ, मटकीची उसळ, पिठले, हुलग्याचे शेंगोळे. हे सगळे वनस्पतिजन्यच आहे. २०२३ हे वर्ष भरडधान्याचे म्हणून जगभर साजरे झाले, तेव्हा शहाण्या लोकांना ज्वारी-नाचणी नव्याने सापडली. आपल्याला ती कधी हरवलीच नव्हती.

शेंगोळे करायचे असे. दोन वाट्या हुलग्याच्या पिठात अर्धी वाटी ज्वारीचे पीठ घाला. दहा-बारा लसणाच्या पाकळ्या, जिरे, तिखट, मीठ वाटून त्यात मिसळा आणि घट्ट मळा. तेलाच्या हाताने बोटाएवढ्या वळ्या करून कडी वळा. पातेल्यात लसणाची फोडणी करून सहा-सात वाट्या पाणी उकळा, त्यात शेंगोळे सोडा आणि वीस मिनिटे शिजू द्या. पिठामुळे रस्सा आपोआप दाटतो. रात्रपाळीला जाणाऱ्याला हे अन्न पहाटेपर्यंत पुरते.

रविवारी जीभ रस्सा मागते, हे खरे. पण रश्श्याची चव निम्मी मसाल्याची असते. कांदा, सुके खोबरे, तीळ खरपूस भाजून वाटा, काळा मसाला घाला आणि तेल सुटेपर्यंत परता. त्यात सोयाबीनच्या वड्या टाका. वड्या आधी गरम पाण्यात पंधरा मिनिटे भिजवून दोन-तीनदा घट्ट पिळल्या पाहिजेत, नाहीतर उग्र वास राहतो. काळे हरभरे किंवा सुरणही चालते. आणि हिशोब करा, एक किलो मटणाच्या पैशात कितीतरी किलो डाळ येते.

दुधाचे काय? चहा गवती चहा, आले आणि गूळ घालून बिनदुधाचा घ्या. आठ दिवस जीभ कुरकुरते, मग गप्प बसते. ताकाच्या कढीऐवजी चिंचेचे किंवा आमसुलाचे सार करा. वैशाख पौर्णिमेची खीर कशी करायची, असे भगिनी विचारतात. कांडलेले गहू मऊ शिजवा, गूळ, सुंठ, वेलची घाला आणि गॅस बंद केल्यावर नारळाचे दूध ओता, म्हणजे ते फुटत नाही. नारळ महाग वाटला तर वाटीभर शेंगदाणे रात्री भिजवा, सकाळी साले काढून चार वाट्या पाण्यात वाटा, फडक्यातून गाळा आणि उकळून वापरा. बाजारातले बिस्कीट घेताना एवढे लक्षात ठेवा, हिरवा ठिपका म्हणजे मांस-अंडे नाही एवढेच. दूध असू शकते. पुडक्यावरची यादी वाचा.

पण बांधवांनो, नुसते सोडून चालत नाही, त्या जागी दुसरे घ्यावे लागते. भाकरीबरोबर डाळ किंवा उसळ रोज हवीच. धान्यात जे प्रथिन कमी पडते ते डाळीत असते आणि डाळीतले कमी धान्य भरून काढते. चुना म्हणजे कॅल्शियम, ते शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते, तेवढ्याच दुधात सुमारे एकशेवीस. तिळातही भरपूर आहे. लोहासाठी पालेभाजी, अळीव, हुलगे खा, त्यावर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. सगळ्यांत महत्त्वाचे बी-१२ जीवनसत्त्व. ते वनस्पतीत मिळत नाही. रोज दोन-अडीच मायक्रोग्रॅम एवढेच लागते, पण ते नसेल तर रक्त कमी होते, हातापायांना मुंग्या येतात, नसा खराब होतात. शरीरात साठा असतो म्हणून कधी कधी दोन-तीन वर्षे काहीच कळत नाही. तेव्हा हा आहार घेणाऱ्याने बी-१२ ची गोळी डॉक्टरांना विचारून नियमित घेतलीच पाहिजे. गरोदर बाई, तान्ही लेकरे, क्षयाचे रुग्ण, मधुमेहाची गोळी घेणारे, यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ताट बदलू नये. लेकराला पोटभर सकस मिळत नसेल, तर त्याच्या हातातले अंडे काढून घेणे ही करुणा नव्हे.

सुरुवात कशी करावी? एकदम नको. महिन्याच्या पौर्णिमेपासून करा. उपोसथाला एक दिवस वनस्पतिजन्य जेवण, मग आठवड्यातून एक दिवस, मग जमेल तसे. एक-एक पदार्थ घरात रुळू द्या.

आणि माझ्या तरुण मित्रांनो, एक गोष्ट कान देऊन ऐका. तुम्ही आहार बदलता, पण दोन-दोन स्वयंपाक कोण करते? तुमची आई. ती पहाटे उठून घरच्यांचे करते आणि तुमचे वेगळे करते. करुणा गायी-म्हशींपर्यंत पोचली आणि चुलीपुढच्या आईपर्यंत पोचली नाही, तर ती कसली करुणा? ज्याला हा आहार घ्यायचा आहे, त्याने आधी भाकरी थापायला शिकावे. माझ्या घरी सुट्टीच्या दिवशी शेंगोळे मी करतो. पहिल्यांदा शेजारचे हसले. आता वाटी पाठवतात, "थोडे असतील तर द्या" म्हणून.

शेवटी समितीपुढे एक सूचना ठेवतो. पुढच्या वर्धापनदिनाच्या भोजनदानात एक वनस्पतिजन्य पंगत असावी. ती सर्वांना खुली असावी, सक्ती कुणावर नसावी. पोरांनी ती स्वतः रांधावी आणि आपल्या हाताने वडीलधाऱ्यांना वाढावी. चांगली लागली तर माणसे पुन्हा मागतील, नाही लागली तर पोरे अजून शिकतील. आपल्या ताटावर पहारा बसवणारे बाहेर पुष्कळ आहेत. निदान या विहारात तरी एकमेकांच्या ताटावर आपण पहारा बसवू नये.