शमीचं झाड आणि पालिकेची नोटीस

(अमवाज आयलंड्स येथे दसऱ्याआधीच्या सत्संगात एका निवृत्त डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या सत्संगात एका काकूंनी मला विचारलं, "डॉक्टर, इथे पूजेला शमी कुठे मिळेल?" म्हटलं, काकू, बहारीनचं सगळ्यात प्रसिद्ध झाड शमीचंच आहे. दक्षिणेच्या वाळवंटातलं ते 'ट्री ऑफ लाइफ', इथले लोक त्याला शजरत अल-हयात म्हणतात, ते आपली शमीच. गावाकडचा सौंदड. वय सुमारे 400 वर्षं. मात्र पानं तोडायला जाऊ नका. त्याला कुंपण आहे, नमस्कार बाहेरूनच करायचा.

आपलं अमवाज समुद्रात भर टाकून केलेलं. इथलं प्रत्येक झाड कोणीतरी लावलंय आणि नळीच्या पाण्यावर जगवलंय. म्हणून इथे सावलीची किंमत लगेच कळते. वय वाढलं की घाम कमी येतो, तहान उशिरा लागते, त्यात निम्म्या मंडळींना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असते. अशा माणसाला उन्हात शंभर पावलं चालणं आणि कडुलिंबाखालून शंभर पावलं चालणं यात फार अंतर आहे. मी सावलीकडे औषध म्हणूनच बघतो.

आता माझी एक चूक सांगतो. मी मायदेशी प्रॅक्टिस करत होतो तेव्हा दवाखान्यासमोर एक मोठा पर्जन्यवृक्ष होता. आत जागा नसली की पेशंट त्याच्याच पारावर बसायचे. एका सकाळी खोडावर कागद चिकटवलेला दिसला. पालिकेची नोटीस. झाड तोडायचा अर्ज आलाय, कुणाची हरकत असेल तर लेखी कळवावी. मी उभं राहून पूर्ण वाचली. मनात म्हटलं, कोणीतरी लिहीलच. तीन आठवड्यांनी करवत आली. चौकशी केली तेव्हा कळलं, एकही हरकत आली नव्हती. त्या उन्हाळ्यात पेशंट फुटपाथवर छत्र्या उघडून बसत.

महाराष्ट्रात शहरातल्या झाडांसाठी 1975 पासून कायदा आहे. प्रत्येक महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असतं. आयुक्त अध्यक्ष, नगरसेवक सदस्य, शिवाय काही तज्ज्ञ. आपण नगरसेवकाला नळ आणि गटाराबद्दल विचारतो; झाडावर हात वर करणाराही तोच असतो, हे आपल्या ध्यानात नसतं.

मुंबईचं आरे आठवा. मेट्रो 3 च्या कारशेडसाठी 2,646 झाडांचा प्रस्ताव होता. काही तोडायची, काही हलवायची. लोकांनी हजारो हरकती दिल्या. ऑगस्ट 2019 मध्ये प्राधिकरणात मतदान झालं आणि प्रस्ताव 8 विरुद्ध 6 असा मंजूर झाला. दोन तज्ज्ञांनी काही दिवसांतच राजीनामे दिले, पण मत देऊन झालं होतं! 4 ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती चालू झाल्या. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं, तोवर 2,141 झाडं पडली होती. मेट्रोने गाड्या कमी होतात, धूर कमी होतो, हे मला मान्य आहे. दम्याचे पेशंट मीही पाहिलेत. प्रश्न जागेचा होता, आणि तो ठरला दोन मतांच्या फरकाने.

2021 मध्ये कायदा बदलला. 50 वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणायचं, आणि तोडलंच तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. कागदावर छान. पण साठ वर्षांच्या आजोबांच्या बदल्यात साठ तान्ही बाळं दिली, तर आज घर कोण चालवणार? आणि त्या बाळांना पाणी कोण घालणार, हे तर बघायलाच हवं.

इथल्या सरकारने 2035 पर्यंत झाडं दुप्पट आणि कांदळवन चौपट करायचं ठरवलंय. चांगलं आहे. आपण इथे पाहुणे. पण तुमच्यापैकी बहुतेकांचं ठाण्याला, पुण्याला, नाशिकला घर आहे, सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, आणि खरं सांगायचं तर वेळही आहे. झाडावर नोटीस लागली की शेजाऱ्याला फोटो पाठवायला सांगा. मुदतीच्या आत दोन ओळींची हरकत, नाव, पत्ता, सही. ईमेलने पाठवलीत तरी पोच मागून घ्या. मराठीत मसुदा मी लिहून दिलाय, बाहेर टेबलावर त्याच्या प्रती आहेत.

त्याच टेबलावर ट्रस्टची पेटी आहे. उन्हाळ्यात दुपारी 12 ते 4 उघड्यावरचं काम बंद असतं, पण आपल्या झाडांना पाणी घालणारी माळी मुलं त्याआधी आणि त्यानंतर उन्हातच असतात. त्यांच्यासाठी जलसंजीवनीची पाकिटं, टोप्या आणि थंड पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या आहेत. पैसे नसतील तर पाकिटं आणून द्या, चालेल. फक्त मुदत संपण्याची तारीख बघून आणा.