रागांवर चढलेला यंत्राचा ठेका

हाउस आणि टेक्नो या नृत्यसंगीतात मिनिटाला साधारण 120 ते 130 ठोके एकसारखे पडत राहतात आणि त्यांवर यंत्राचा खर्ज फिरतो. हाउस अमेरिकेतल्या शिकागोचे, टेक्नो डेट्रॉइटचे. त्याच जातीचा नाद मुंबईत मात्र 1982 सालीच तबकडीवर आला होता. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतले वादक चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रे जोडून ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी साकारली. तालाला टीआर-808, सुरांना ज्युपिटर-8 आणि खर्जाला टीबी-303. या 303मध्ये एक स्वर दुसऱ्यावर असा घसरतो की कानाला थेट मींडच वाटते! याच यंत्रावर बेतलेली शिकागोची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही हाउसची तबकडी आली ती 1987मध्ये. सिंग यांची तबकडी तेव्हा फारशी खपली नाही. 2010मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर गाजली.

नांदेड-लातूरकडे भजनांतून भूप, मालकंस कानावर पडतातच. तिथल्या श्रोत्यांनी या तबकडीतला भूपाली, म्हणजे भूपच, आधी ऐकावा, मग मालकंस. ललित शेवटी, पण निवांत ऐकावा. त्याचे दोन्ही मध्यम यंत्रावरही शाबूत राहिले आहेत आणि तबकडीतला सर्वांत सरस तुकडा तोच आहे.