त्वचेचे दोन रोग आणि आपला गैरसमज
(पालक मेळाव्यातील भाषण)



मी बी. ए., बी. एड. झालेला शिक्षक आहे, डॉक्टर नव्हे. त्वचारोगावर बोलण्याचा तुम्हाला काय अधिकार, असे कोणी विचारले तर त्याचे चुकणार नाही. अधिकार काही नाही. पण कारण आहे, ते आधी सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या कोपरांवर व गुडघ्यांवर लाल चट्टे उठले आणि त्यांवर चंदेरी खपली धरू लागली. बाकावर बसला की खाली कोंडा पडे. दोन पालक माझ्याकडे आले. "सर, आमच्या पोरांना लागेल, त्याला दूर बसवा," म्हणाले. मी त्याला शेवटच्या बाकावर एकटे बसवले, आणि आपण सर्वांची काळजी घेतली असे समाधानही मानले. दोन महिन्यांनी त्याने शाळा सोडली.

त्याला सोरायसिस होता. सोरायसिस स्पर्शाने लागत नाही. एका बाकावर बसल्याने नाही, एका ताटात जेवल्याने नाही, एका हौदावर वजू केल्याने नाही, की जमातीत खांद्याला खांदा लावून उभे राहिल्यानेही नाही. हे मला ठाऊक नव्हते. त्याहून वाईट म्हणजे मी कोणाला विचारलेही नाही. त्यानंतर जे वाचले, समजून घेतले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

मध्ययुगात युरोपमध्ये सोरायसिसच्या कित्येक रुग्णांना कुष्ठरोगी समजून वस्तीबाहेर काढले जाई. हे दोन रोग वेगळे आहेत, हे व्हिएन्नाचे डॉक्टर फर्डिनांड हेब्रा यांनी १८४१ साली स्पष्ट केले. म्हणजे जगाची जी चूक १८४१ साली दुरुस्त झाली, ती मी पावणेदोनशे वर्षांनंतर आपल्या वर्गात पुन्हा केली. (आणि कुष्ठरोगीही आता वाळीत टाकण्याजोगा राहिलेला नाही, औषधे सुरू झाली की त्याच्यापासून लागण होण्याचा धोका लवकरच संपतो.)

अरबी भाषेत सोरायसिसला सदफिया म्हणतात. सदफ म्हणजे शिंपला. त्या खपलीची चमक ज्याने पाहिली आहे त्याला हे नाव किती नेमके आहे ते कळेल.

आता संशोधनाकडे वळू. जगभरच्या त्वचारोगतज्ज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १८८९ साली पॅरिसला भरली. त्या काळी सोरायसिसवर जी मोजकी औषधे होती, त्यांतल्या एकाचे नाव ऐकून आपल्याला गंमत वाटेल: गोवा पावडर! ब्राझीलमधील एका झाडाच्या खोडात सापडणारी ही पिवळी पूड पोर्तुगीजांमार्फत गोव्यात आली आणि आपल्याकडे नायट्यावर वापरली जाऊ लागली. १८७० नंतरच्या दशकात लंडनचे डॉक्टर बाल्मॅनो स्क्वायर यांनी ती सोरायसिसवर वापरून गुण येतो असे दाखवले. पुढे पहिल्या महायुद्धात ही पूड मिळेनाशी झाली, तेव्हा जर्मनीत १९१६ साली तिच्याऐवजी डिथ्रॅनॉल तयार झाले. ते त्वचारोगाच्या औषधांत अजूनही आहे, आणि कपड्यांना डाग पाडण्याबद्दल त्याची ख्याती आहे.

पण रोग मुळात होतो कशाने? निरोगी माणसाची कातडी साधारण महिन्याभरात खालून वर नवी होते. सोरायसिसच्या चट्ट्यात हेच काम तीन ते पाच दिवसांत उरकले जाते. कच्च्या पेशी वर येऊन साचतात, तीच ती खपली. म्हणून पुष्कळ काळ सर्वांचा समज असा होता, की दोष कातडीचाच. १९७९ साली या समजाला धक्का बसला. सायक्लोस्पोरिन हे शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सांधेदुखीच्या रुग्णांना देऊन पाहत असता, त्यांतील काहींचे सोरायसिसचे चट्टे नाहीसे होऊ लागले. शोधायला गेले एक आणि सापडले दुसरे! त्यावरून कळले की दोष शरीराच्या पहारेकऱ्यांत आहे. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी काही चोर नसताना आरोळी ठोकतात, आणि कातडी घाईघाईने भिंत बांधत सुटते. या आरोळ्यांनाही आता नावे आहेत. इंटरल्युकिन २३ व इंटरल्युकिन १७ या त्यांतल्या मुख्य. त्या थोपवणारी इंजेक्शने निघाली. आपल्या देशातही बंगळुरूच्या बायोकॉन कंपनीच्या इटोलिझुमॅब या इंजेक्शनाला २०१३ साली सोरायसिससाठी परवानगी मिळाली. मात्र अशी इंजेक्शने महाग. आपल्यापैकी किती जणांना ती परवडतील, हे मी सांगायला नको.

म्हणूनच जुलै २०२३ मध्ये सिंगापूरला भरलेल्या पंचविसाव्या जागतिक त्वचारोग परिषदेतील एक निवेदन मला महत्त्वाचे वाटले. तेच काम करणारी, पण तोंडाने घ्यायची गोळी तिथे मांडण्यात आली. २५५ रुग्णांवर चाचणी झाली होती. सोळा आठवड्यांनंतर, सर्वांत मोठी मात्रा घेणाऱ्यांपैकी ७९ टक्के रुग्णांचा रोग किमान तीन चतुर्थांशाने उतरला. नुसती बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. गोळीचे नाव आयकोट्रोकिन्रा. २०२५ साली याहून मोठ्या चाचणीचे निकाल आले. त्या चाचणीत बारा वर्षांपासूनची मुलेही होती, आणि त्यांत निम्म्याहून अधिक रुग्णांची कातडी स्वच्छ किंवा जवळजवळ स्वच्छ झाली. हे निकाल औषध बनवणाऱ्या कंपनीने पुढे ठेवलेले आहेत, हे विसरू नये. शिवाय गोळी निघाली म्हणून ती स्वस्त निघेल असेही नाही. तरी दिशा आशेची आहे.

रोग मुळासकट जात नाही, हेही खरेच. पण तो आटोक्यात राहतो, आणि त्यासाठी सिंगापूरला जावे लागत नाही. मलमे, ठरावीक प्रकाशाचा शेक आणि मेथोट्रेक्झेटसारखी जुनी, स्वस्त गोळी त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली घेता येते. देखरेख हा शब्द मी मुद्दाम वापरला. मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदा घ्यायची असते; चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. दुसरे असे, की "दहा दिवसांत कातडी साफ" म्हणणाऱ्याच्या पुडीत पुष्कळदा स्टेरॉइड असते. कातडी साफ होते, पुडी बंद केली की रोग दुप्पट उसळतो, कधी सर्वांगभर पसरतो.

आता दुसरा रोग. अंगावर पित्त उठणे, गांधी येणे, हे आपल्या घराघरांत आहे. डॉक्टर त्याला अर्टिकेरिया म्हणतात, युनानी हकीम शरा म्हणतात. आपल्या आया आमसुलाचे पाणी लावून घोंगडीत गुंडाळत. गार पाण्याने बरे वाटते. परंतु पित्ताचा याच्याशी संबंध नाही. कातडीतील मास्ट पेशी फुटून हिस्टामिन बाहेर पडते, त्याने कातडी सुजते आणि खाजते. एकेक गांधी सहसा चोवीस तासांत मावळते. पाच माणसांत एकाला तरी जन्मात कधी ना कधी हा त्रास होतो. ओठ, जीभ सुजली किंवा श्वास अडखळला तर मात्र आमसूल शोधत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

सहा आठवड्यांहून अधिक काळ रोज गांधी येत राहिल्या तर तो जुनाट प्रकार. येथे आपली मोठी चूक होते. मासळी बंद, अंडी बंद, मटण बंद, वांगे बंद. मूल सुकत जाते आणि गांधी येतच राहतात. या जुनाट प्रकारात बहुतेक वेळा खाण्याचा दोष नसतो. येथेही शरीराचे पहारेकरीच बहकलेले असतात. न पेंगवणाऱ्या नव्या गोळ्या रोज नेमाने घेतल्या तर पुष्कळांना आराम पडतो. जुन्या गोळ्यांनी झोप येते. परीक्षेच्या दिवसांत ती घेतलेला मुलगा पेपरावर डुलतो आणि आपण त्याला आळशी म्हणतो. गोळ्यांनी भागले नाही तर ओमालिझुमॅब हे इंजेक्शन आहे. २०१४ साली त्याला युरोप-अमेरिकेत या रोगासाठी मान्यता मिळाली.

मे २०१४ मध्ये जागतिक आरोग्य सभेने सोरायसिसवर ठराव केला. हा रोग संसर्गजन्य नाही असे त्यात म्हटले आहे, आणि रुग्णांशी होणाऱ्या भेदभावाविरुद्ध लढण्याचे आवाहन केले आहे. जिनीव्हात बसून ठराव करणाऱ्यांना आमचा शेवटचा बाक कुठून दिसला, असे तो वाचताना मला वाटले. मुलीच्या स्थळाला कोपरावरचा चट्टा पाहून नकार देणाऱ्यांनीही तो वाचावा. आई किंवा वडिलांना सोरायसिस असला तरी त्यांच्या बहुतेक मुलांना तो होत नाही.

तो मुलगा आता मोटारीच्या गॅरेजमध्ये काम करतो. गेल्या महिन्यात त्याचे वडील बाजारात भेटले. मी हात धरून माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या सर, नशीब." मी म्हटले, नशीब नव्हे, मी. मग सरकारी रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञ कोणत्या दिवशी बसतात ते सांगितले. पोराला पूर्ण बाह्यांचा शर्ट घातल्याशिवाय बाहेर पडवत नाही, असे ते म्हणाले. येत्या सोमवारी पहिल्या एस. टी.ने आम्ही तिघे जाणार आहोत. मी रजेचा अर्ज दिला आहे.